१७९० ची जनगणना घेऊन अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या जागा स्वतः कशा मोजाव्यात

अमेरिकेची राज्यघटना घडताना झालेली 'मोठी तडजोड' आपल्यापैकी बहुतेकांनी पाठ्यपुस्तकात दोन ओळींत वाचलेली असते. मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार प्रतिनिधी हवे होते, छोट्या राज्यांना समान हवे होते, म्हणून प्रतिनिधिगृह लोकसंख्येवर आणि सिनेट समानतेवर बेतले गेले. या ओळींत चूक काही नाही. मात्र तडजोडीत कोणाच्या पदरात नेमके किती पडले आणि त्याची किंमत कोणाच्या माथी बसली, हे त्यांतून कळत नाही. ते कळून घ्यायचे असेल तर कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन तो हिशेब एकदा स्वतः मांडावा, असे माझे मत आहे. गणित अवघड नाही. बेरीज, तीन पंचमांशाने गुणाकार आणि भागाकार एवढे आले की पुरे. हिशेब मांडताना तीन ठिकाणी हात अडखळतो, आणि त्या तीनही ठिकाणी एकेक राजकीय तडजोड बसलेली आहे.

आधी आकडे जमवा

अमेरिकेची पहिली जनगणना २ ऑगस्ट १७९० ला सुरू झाली. तिच्या तक्त्यात माणसांचे पाच रकाने होते: सोळा वर्षांवरील स्वतंत्र गोरे पुरुष, सोळा वर्षांखालील स्वतंत्र गोरे पुरुष, स्वतंत्र गोऱ्या स्त्रिया, इतर सर्व स्वतंत्र व्यक्ती आणि गुलाम. ज्या मूळनिवासी लोकांवर कर नव्हता त्यांना राज्यघटनेने मोजणीतूनच वगळले होते, त्यामुळे त्यांचा रकाना शोधत बसू नये.

आपल्या कामासाठी पहिल्या चार रकान्यांची बेरीज करून तिला 'स्वतंत्र लोकसंख्या' म्हणावे आणि पाचवा रकाना वेगळा ठेवावा. सगळ्या राज्यांसाठी ही बेरीज करण्याची गरज नाही. चार राज्ये मी वानगीदाखल देतो, ती पुढे वारंवार लागतील. व्हर्जिनिया: स्वतंत्र ४,५४,९८३, गुलाम २,९२,६२७. पेनसिल्व्हेनिया: स्वतंत्र ४,३०,६३६, गुलाम ३,७३७. साउथ कॅरोलायना: स्वतंत्र १,४१,९७९, गुलाम १,०७,०९४. न्यू हॅम्पशर: स्वतंत्र १,४१,७२७, गुलाम १५८. शेवटच्या दोन राज्यांची स्वतंत्र लोकसंख्या पुन्हा एकदा नजरेखालून घालावी. दोघांत फरक आहे अवघा २५२ माणसांचा. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

मत माणसाचे की राज्याचे, ते आधी पाहा

जागा मोजण्याआधी, जागा मोजायच्या कशा हे ज्या परिषदेने ठरवले त्या परिषदेतली मते मोजणे गरजेचे आहे. नवशिका वाचक इथे हमखास फसतो. फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसमध्ये २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात चाललेल्या घटना परिषदेत मत व्यक्तीचे नव्हते, राज्याचे होते. राज्याचे प्रतिनिधी आपापसांत बहुमताने ठरवत, आणि त्यांच्यात बरोबरी झाली तर ते राज्य 'विभागलेले' म्हणून नोंदले जाई, म्हणजे त्याचे मत वाया जाई. हा नियम आला होता आधीच्या राज्यमंडळाच्या करारनाम्यातून. १७८१ पासून लागू असलेल्या त्या करारनाम्यात व्हर्जिनियालाही एक मत होते आणि डेलावेअरलाही एकच.

एडमंड रँडॉल्फ यांनी २९ मे रोजी मांडलेल्या व्हर्जिनिया योजनेला हीच पद्धत मोडायची होती. तिच्यामागचा मुख्य विचार जेम्स मॅडिसन यांचा होता. दोन्ही सभागृहांत प्रतिनिधित्व लोकसंख्येच्या किंवा कराच्या प्रमाणात असावे, अशी तिची मागणी होती. विल्यम पॅटरसन यांनी १५ जूनला न्यू जर्सी योजना मांडली, तिला एकच सभागृह आणि राज्यागणिक एकच मत हवे होते. डेलावेअरच्या प्रतिनिधींना तर समान मताचा नियम सोडायचा नाही, असा आपल्या विधिमंडळाचा आदेशच होता. कनेक्टिकटचे रॉजर शर्मन यांनी ११ जूनलाच मधला मार्ग सुचवला होता, की एक सभागृह लोकसंख्येवर असावे आणि दुसऱ्यात प्रत्येक राज्याला एक मत असावे. तेव्हा तो कोणी उचलून धरला नाही.

आता दोन मतदाने शेजारीशेजारी मांडावीत. २ जुलैला वरच्या सभागृहात समान मत असावे का, यावर मत घेतले गेले. कनेक्टिकट, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, डेलावेअर आणि मेरिलँड बाजूने, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि साउथ कॅरोलायना विरुद्ध, जॉर्जिया विभागलेले. पाचास पाच. ही बरोबरीसुद्धा योगायोगावर उभी होती. मेरिलँडचे एक प्रतिनिधी डॅनियल जेनिफर मतदानाच्या वेळी सभागृहात पोचलेलेच नव्हते, म्हणून त्या राज्याचे मत ल्यूथर मार्टिन यांनी एकट्याने दिले. जॉर्जियाचे दोनच प्रतिनिधी हजर होते आणि त्यांपैकी मूळचे कनेक्टिकटचे असलेले एब्राहम बाल्डविन यांनी बाजूने मत देऊन आपल्या राज्याचे मत निकामी केले.

कोंडी फोडण्यासाठी प्रत्येक राज्याचा एक सदस्य घेऊन एल्ब्रिज गेरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने ५ जुलैला अहवाल दिला आणि त्यावर अकरा दिवस घासाघीस होऊन १६ जुलैला अंतिम मत झाले. बाजूने कनेक्टिकट, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरिलँड आणि नॉर्थ कॅरोलायना. विरुद्ध पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया. मॅसॅच्युसेट्स विभागलेले, दोनास दोन. न्यूयॉर्कचे दोन प्रतिनिधी तोवर परिषद सोडून गेले होते, न्यू हॅम्पशरचे अजून आलेच नव्हते आणि ऱ्होड आयलंडने कोणाला पाठवलेच नव्हते. पाच विरुद्ध चार, एका मताने ठराव मंजूर.

इथे पेन्सिल उचलावी. बाजूने पडलेल्या पाच राज्यांची १७९० मधली प्रतिनिधित्वयोग्य लोकसंख्या मिळवा (हा शब्द पुढच्या भागात उलगडतो, आकडे त्यानंतरच्या भागात दिले आहेत): उत्तर येते ११,०३,९८८. विरुद्ध पडलेल्या चार राज्यांची बेरीज येते १३,४०,५१०. जनगणना परिषदेनंतर तीन वर्षांनी झाली आणि राज्यांच्या सीमाही थोड्या बदलल्या, तरी निष्कर्षाला धक्का लागत नाही. लोकसंख्येच्या तत्त्वावर मत घेतले असते तर ही तडजोड हरली असती. राज्याला एक मत हा जुना नियम वापरूनच छोट्या राज्यांनी तो नियम सिनेटमध्ये कायमचा बसवला. मॅडिसन शेवटपर्यंत का चडफडत राहिले, ते या दोन बेरजांवरून लक्षात येते.

गुलामांचा रकाना

दुसरी तडजोड या दोन मतदानांच्या मध्ये बसलेली आहे. लोकसंख्येवर प्रतिनिधी द्यायचे ठरले, की लोकसंख्येत कोणाला धरायचे हा प्रश्न आपोआप पुढे येतो. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया यांचे म्हणणे असे, की गुलामांना पूर्ण धरा. उत्तरेकडच्या अनेकांचे म्हणणे असे, की ज्यांना तुम्ही मालमत्ता मानता त्यांच्या नावावर प्रतिनिधी कसले मागता? पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन आणि साउथ कॅरोलायनाचे चार्ल्स पिंकनी यांनी ११ जूनला तीन पंचमांशाचे सूत्र पुढे केले. ते त्यांनी नव्याने शोधले नव्हते. राज्यांकडून करवसुली कोणत्या प्रमाणात करावी यासाठी जुन्या काँग्रेसने (करारनाम्याखालच्या राष्ट्रीय विधिमंडळाने) १७८३ मध्ये ते सुचवले होते, पण सर्व राज्यांची संमती न मिळाल्याने ते लागू झाले नव्हते. कर द्यायचा असताना दक्षिणेला गुलाम कमी धरले जावेत असे वाटत होते. जागा घ्यायची वेळ येताच तीच राज्ये ते जास्त धरले जावेत म्हणून भांडू लागली. १२ जुलैला गव्हर्नियर मॉरिस यांच्या सूचनेवरून (हे त्यांचे नाव आहे, पद नव्हे) प्रतिनिधित्व आणि प्रत्यक्ष कर एकाच दाव्याला बांधले गेले, आणि तीन पंचमांशाचे माप दोहोंना लागू झाले.

या कलमाचा एक अर्थ सर्रास उलटा सांगितला जातो. 'गुलामाला तीन पंचमांश माणूस मानले, पूर्ण मानले असते तर न्याय झाला असता,' असे म्हटले जाते. गुलामाला मत नव्हते, त्याच्या नावाने निवडून येणारा प्रतिनिधी त्याच्या मालकांचा होता. पूर्ण धरले असते तर मालकांचे बळ आणखी वाढले असते. अजिबात धरले नसते, तर ते सर्वांत कमी झाले असते. हिशेब करताना हे डोक्यात पक्के असावे, नाहीतर पुढच्या आकड्यांचा अर्थ चुकीच्या दिशेने लागतो.

सूत्र असे: स्वतंत्र लोकसंख्या अधिक गुलामांचे तीन पंचमांश. जे उत्तर येईल ती प्रतिनिधित्वयोग्य लोकसंख्या. साउथ कॅरोलायनाचे करून पाहू. १,०७,०९४ ला ३ ने गुणून ५ ने भागा, ६४,२५६.४ येतात, त्यांत १,४१,९७९ मिळवा, २,०६,२३५.४ झाले. अधिकृत तक्त्यात २,०६,२३६ आहे, म्हणजे अपूर्णांक वर नेलेला आहे. व्हर्जिनियाचे २,९२,६२७ घेतले तर तीन पंचमांश १,७५,५७६.२ होतात आणि बेरीज ६,३०,५५९.२, तक्त्यात ६,३०,५६०. एका माणसाच्या एका अंशासाठी तक्ता चुकला असे समजून पहिल्यांदा मी अर्धा तास हिशेब पुन्हा पुन्हा तपासत बसलो होतो. तसे आपले होऊ नये म्हणून हे सांगितले.

न्यू हॅम्पशरचे १५८ गुलाम त्याच सूत्रातून काढले की ९४.८ येतात आणि एकूण १,४१,८२२. आता कोपऱ्यात लिहिलेला २५२ हा आकडा पाहावा. स्वतंत्र माणसांत जवळपास बरोबरीची असलेली दोन राज्ये, पण एकाच्या खात्यात १,४१,८२२ आणि दुसऱ्याच्या खात्यात २,०६,२३६.

भाजक निवडा, आणि बाकीचे काय करायचे ते ठरवा

पंधरा राज्यांची प्रतिनिधित्वयोग्य लोकसंख्या अशी आहे. व्हर्जिनिया ६,३०,५६०, मॅसॅच्युसेट्स ४,७५,३२७, पेनसिल्व्हेनिया ४,३२,८७९, नॉर्थ कॅरोलायना ३,५३,५२३, न्यूयॉर्क ३,३१,५८९, मेरिलँड २,७८,५१४, कनेक्टिकट २,३६,८४१, साउथ कॅरोलायना २,०६,२३६, न्यू जर्सी १,७९,५७०, न्यू हॅम्पशर १,४१,८२२, व्हरमाँट ८५,५३३, जॉर्जिया ७०,८३५, केंटकी ६८,७०५, ऱ्होड आयलंड ६८,४४६, डेलावेअर ५५,५४०. सर्वांची बेरीज ३६,१५,९२०. ही बेरीज स्वतः करून जुळवून घ्यावी, कारण पुढचा भागाकार तिच्यावर चालतो.

राज्यघटना सांगते की दर ३०,००० लोकांमागे एकापेक्षा जास्त प्रतिनिधी असू नये आणि प्रत्येक राज्याला किमान एक तरी असावा. परिषदेत आधी हा आकडा ४०,००० होता. शेवटच्या दिवशी, १७ सप्टेंबरला, नथॅनिएल गोरहॅम यांनी तो खाली आणण्याची सूचना केली; एरवी चर्चेत न पडणारे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः तिच्या बाजूने बोलले आणि सूचना निमूट मान्य झाली.

आता प्रत्येक आकड्याला ३०,००० ने भागावे. व्हर्जिनिया २१.०२, मॅसॅच्युसेट्स १५.८४, न्यू जर्सी ५.९९, डेलावेअर १.८५, असे भागाकार येतात. कोणाचाही भागाकार पूर्णांकात येत नाही. पाच पूर्णांक नव्याण्णव प्रतिनिधी पाठवणार कसे? राज्यघटना याबाबत काही बोलत नाही. तिसरी तडजोड या मौनातून जन्मली, आणि ती १७८७ ची नसून १७९२ ची असल्यामुळे पुस्तकांतून सहसा निसटते.

दोन पद्धती समोर होत्या. पहिली अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या नावाने ओळखली जाते. एकूण लोकसंख्येला ३०,००० ने भागा, १२०.५३ येतात, म्हणजे सभागृह १२० जणांचे. प्रत्येक राज्याला आधी पूर्णांकाएवढ्या जागा द्या. त्यांची बेरीज ११२ होते. उरलेल्या आठ जागा ज्यांचे अपूर्णांक सर्वांत मोठे, त्या आठ राज्यांना एकेक द्या. न्यू जर्सी, कनेक्टिकट, साउथ कॅरोलायना, व्हरमाँट, डेलावेअर, मॅसॅच्युसेट्स, नॉर्थ कॅरोलायना आणि न्यू हॅम्पशर ही ती आठ. काँग्रेसने याच वाटपाचे विधेयक मंजूर केले.

परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी त्याला हरकत घेतली. डेलावेअरला दोन जागा मिळाल्या तर ५५,५४० भागिले दोन, म्हणजे २७,७७० लोकांमागे एक प्रतिनिधी होतो आणि ३०,००० ची मर्यादा मोडते. ती मर्यादा देशाच्या बेरजेला लावायची की एकेका राज्याला, हा वादाचा गाभा होता. मंत्रिमंडळ दुभंगले: जेफरसन आणि महान्यायवादी रँडॉल्फ एका बाजूला, हॅमिल्टन आणि युद्धमंत्री हेन्री नॉक्स दुसऱ्या. अखेर ५ एप्रिल १७९२ रोजी वॉशिंग्टन यांनी विधेयक परत पाठवले. अमेरिकेच्या इतिहासातला हा पहिला नकाराधिकार. त्यांनी दोन कारणे दिली. कोणत्याही एका भाजकाने सर्व राज्यांना भागून हे वाटप निघत नाही, आणि आठ राज्यांना ३०,००० मागे एकापेक्षा जास्त प्रतिनिधी मिळतात.

नंतर ३३,००० हा भाजक घेऊन, येणारा प्रत्येक अपूर्णांक सरळ सोडून देण्याची जेफरसन यांची पद्धत १४ एप्रिलच्या कायद्याने स्वीकारली गेली. ती करून पाहावी. व्हर्जिनिया १९, मॅसॅच्युसेट्स १४, पेनसिल्व्हेनिया १३, नॉर्थ कॅरोलायना आणि न्यूयॉर्क प्रत्येकी १०, मेरिलँड ८, कनेक्टिकट ७, साउथ कॅरोलायना ६, न्यू जर्सी ५, न्यू हॅम्पशर ४, व्हरमाँट, जॉर्जिया, केंटकी आणि ऱ्होड आयलंड प्रत्येकी २, डेलावेअर १. एकूण १०५. बेरीज १०५ आली नाही तर कुठेतरी अपूर्णांक वर गेला आहे असे समजून परत तपासावे. बहुधा व्हरमाँटच्या २.५९ किंवा डेलावेअरच्या १.६८ पाशी हात चुकतो, कारण शाळेत आपल्याला अर्ध्याच्या वरचे पुढे न्यायला शिकवलेले असते.

अपूर्णांक सोडण्याचा नियम सर्वांना सारखा दिसतो, पण बाकी किती सुटते ते मोजावे. व्हर्जिनियाच्या १९ जागांत ६,२७,००० माणसे बसली आणि ३,५६० बाहेर राहिली. डेलावेअरच्या ५५,५४० पैकी ३३,००० बसली आणि २२,५४० बाहेर राहिली. आता त्याच १०५ जागा हॅमिल्टन पद्धतीने वाटून पाहाव्यात. भाजक येतो ३४,४३७.३३, व्हर्जिनियाचा भागाकार १८.३१ आणि डेलावेअरचा १.६१, पूर्णांकांची बेरीज ९७ होऊन आठ जागा उरतात, आणि मोठ्या अपूर्णांकांच्या क्रमाने त्या वाटल्या की व्हर्जिनियाला १८ आणि डेलावेअरला २ मिळतात. जेफरसन व्हर्जिनियाचे होते, वॉशिंग्टनही व्हर्जिनियाचे. त्यांचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने भक्कमच होता असे मला वाटते, पण तो कोणाच्या पथ्यावर पडत होता हेही हिशेब करणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये.

गुणक बदलून पाहा

या सगळ्या खटाटोपातला माझ्या मते सर्वांत बोलका भाग हा आहे, म्हणून इथे घाई करू नये. ३३,००० चा भाजक आणि अपूर्णांक सोडण्याचा नियम तसाच ठेवून फक्त गुलामांच्या रकान्याचा गुणक बदलावा: आधी शून्य, मग तीन पंचमांश, मग एक.

गुणक शून्य ठेवला तर व्हर्जिनियाचे ४,५४,९८३ भागिले ३३,००० म्हणजे १३.७९, जागा १३. पेनसिल्व्हेनियाचे ४,३०,६३६ भागिले ३३,००० म्हणजे १३.०५, जागा १३. दोन्ही राज्ये बरोबरीत. तीन पंचमांश ठेवला की व्हर्जिनिया १९ वर जाते आणि पेनसिल्व्हेनिया १३ वरच राहते. गुणक एक केला तर व्हर्जिनिया २२, पेनसिल्व्हेनिया पुन्हा १३. साउथ कॅरोलायनाच्या जागा याच क्रमाने ४, ६ आणि ७ होतात. न्यू हॅम्पशर तिन्ही वेळा ४ वर थांबते. २५२ माणसांचा फरक दोन जागांचा झाला तो असा.

हे फक्त प्रतिनिधिगृहापुरते राहत नाही. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची संख्या प्रत्येक राज्याच्या प्रतिनिधींत दोन सिनेटर मिळवून ठरते. म्हणून जागांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ओढून प्रत्येक आकड्यात २ मिळवावेत: व्हर्जिनिया २१, पेनसिल्व्हेनिया १५, साउथ कॅरोलायना ८, न्यू हॅम्पशर ६, डेलावेअर ३, एकूण १३५. जुलै १७८७ मध्ये जागांसाठी ठरलेला गुणक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही असा शिरला. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन यांना ७३ आणि जॉन ॲडम्स यांना ६५ निर्वाचक मते पडली, तेव्हा हा रकाना डोळ्यांसमोर ठेवून ते आकडे वाचावेत.

सिनेटचा रकाना

हा रकाना भरायला क्षणभर पुरतो: पंधरा राज्ये, प्रत्येकी २, एकूण ३०. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे २३ जुलै १७८७ रोजी परिषदेने ठरवले, की प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर असावेत आणि त्यांनी आपापले स्वतंत्र मत द्यावे. म्हणजे 'राज्याला एक मत' हा जुना नियम शब्दशः परत आला नाही, एकाच राज्याचे दोन सिनेटर एकमेकांविरुद्ध मत देऊ शकतात. दुसरी म्हणजे हे सिनेटर लोक निवडत नव्हते, राज्यांची विधिमंडळे निवडत होती. ते बदलले १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीने.

मराठी वाचकाची इथे एक हमखास गफलत होते. वरिष्ठ सभागृह म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राज्यसभा येते आणि सिनेटही तशीच असेल असे वाटते. राज्यसभेतल्या जागा मुख्यतः लोकसंख्येच्या बेताने दिलेल्या आहेत: महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १. योगायोग असा, की १७९२ च्या कायद्यात व्हर्जिनियाला १९ आणि डेलावेअरला १ मिळाली होती, पण ती खालच्या सभागृहात. सिनेटमध्ये ही दोन्ही राज्ये सारखीच होती. सिनेटच्या मापाने राज्यसभा बेतली असती तर मुंबई आणि पणजी यांच्या पाठीमागचे संख्याबळ एकच झाले असते.

या रकान्यावर एक छोटा हिशेब करावा. लोकसंख्येने सर्वांत लहान आठ राज्ये घ्यावीत, म्हणजे डेलावेअरपासून वर साउथ कॅरोलायनापर्यंत. त्यांची बेरीज ८,७६,६८७, म्हणजे एकूण प्रतिनिधित्वयोग्य लोकसंख्येच्या सुमारे २४ टक्के. प्रतिनिधिगृहात त्यांच्या जागा १०५ पैकी २४, म्हणजे जवळपास प्रमाणातच. सिनेटमध्ये त्यांच्या जागा ३० पैकी १६. विधेयक मंजूर व्हायला दोन्ही सभागृहे लागतात, म्हणून पाव लोकसंख्येच्या हाती अडवणुकीचे बळ आले. ते नंतर कोणी काढून घेऊ नये याचाही बंदोबस्त झाला: राज्यघटनेच्या पाचव्या कलमानुसार कोणत्याही राज्याच्या संमतीशिवाय सिनेटमधले त्याचे समान मत काढून घेता येत नाही.

पुढच्या जनगणनांचा हिशेब करायचा असल्यास प्रत्येक वेळी भाजक आणि पद्धत तपासून घ्यावी, कारण काँग्रेस ती बदलत आली आहे. १८०० च्या जनगणनेसाठी ३३,००० हाच भाजक कायम राहिला, आणि आजच्या ४३५ जागा १९४१ च्या कायद्याने ठरलेल्या वेगळ्या पद्धतीने वाटल्या जातात. तीन पंचमांशाचा गुणक १८६० च्या जनगणनेपर्यंत चालवावा. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तो रद्द झाला, म्हणून १८७० च्या तक्त्यात सर्वांना पूर्ण धरावे. तो तक्ता मांडताना दक्षिणेच्या खात्यात मोजली जाणारी लोकसंख्या वाढलेली दिसेल, कारण पूर्वी तीन पंचमांश धरली जाणारी माणसे आता पूर्ण धरली गेली. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी याच नागरिकांचे मत कर, परीक्षा आणि दहशत यांच्या आधारे हिरावून घेतले, तरी जागांच्या हिशेबात ते पूर्ण मोजले जात राहिले. मत नाकारणाऱ्या राज्याच्या जागा त्या प्रमाणात कापण्याची तरतूद चौदाव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या भागात आहे. जागावाटपात ती आजवर एकदाही लावली गेलेली नाही, त्यामुळे आपल्या तक्त्यात तिच्यासाठी वजाबाकीचा रकाना ओढण्याची गरज पडत नाही.